ब्रायनीसाठी एकवीस डिग्री

शनिवार, २८ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. या घरात पुढचा महिनाभर जे घडणार आहे त्याची नोंद एखाद्या शहाण्या माणसाने ठेवायला हवी, आणि तसा इथे मी एकटाच आहे.

किचन पाडायला घेतलं. जुनी कपाटं मागच्या अंगणात पावसात पडलीत आणि आई त्यांच्याकडे मोठ्या समाधानाने बघतेय. आता रेडिएटर हलवायचे. बाबा म्हणाले, प्लंबर बोलावू. मी म्हटलं, कशाला? बॉयलरला हात लावणार नाही, तो परवानावाल्याचा मान. पण रेडिएटर म्हणजे काय, गरम पाणी भरलेला पत्रा! मी लीड्सला थर्मोडायनॅमिक्स शिकलोय. बाबांनी विचारलं, "किती?" ज्ञान किलोवर मोजत नाहीत.

(कॉलेज मी सोडलं. प्राध्यापकांना माझे प्रश्न झेपेनात. कॉलेजनेच मला सोडलं, हा थोरल्या भावाचा, क्लाइव्हचा विनोद आहे. क्लाइव्ह बँकेत काउंटरवर बसतो. विनोदही तिथलेच.)

खरं कारण फक्त इथे लिहितो. टाइल्सच्या दुकानात ब्रायनी आहे.

आईबरोबर टाइल्स बघायला गेलो होतो. दुकान कसलं, शीतगृहच. काउंटरमागे ती. अंगात कोट, हातांत बोटं कापलेले हातमोजे, नखं निळसर. पांढऱ्या टाइलच्या डझनभर छटा दाखवताना बिचारीचे दात वाजत होते. आईला सांगत होती, राहते तिथेही हीच तऱ्हा. फिश-अँड-चिप्सच्या दुकानावर खोली, हीटिंगचं बटण घरमालकाच्या हातात आणि घरमालक स्पेनमध्ये. मग हसून म्हणाली, "घरात कोट काढून बसता यावं, बस्स. राजवाडा नको मला."

बोलत आईशी होती, पण बघत माझ्याकडे होती. (मी तिच्या मोजपट्टीवर पाय देऊन उभा होतो, असं आई म्हणते. आईला या गोष्टी कळत नाहीत.)

शपथ: या मुलीला मी एकवीस डिग्रीत बसवीन. आमच्या घरात. माझ्या रेडिएटरशेजारी.

सोमवार, ३० सप्टेंबर

जुनी राजवट कशी होती ते लिहून ठेवतो, म्हणजे क्रांतीनंतर तुलना करता येईल.

पॅसेजच्या भिंतीवर एक पांढरी डबी आहे. थर्मोस्टॅट. डबीला वाटलं घर गार आहे, की बॉयलर चालू. वाटलं पुरेसं गरम आहे, की बंद. इतकं साधं. पण डबी बाबांच्या ताब्यात. कायम सतरावर. कुणी चोरून एकोणीसवर नेली तर बाबा टॉयलेटला जाता-जाता परत सतरावर आणतात. न बघता. बोटांना पाठ आहे. तक्रार केली तर एकच मंत्र: "स्वेटर घाल." आजोबाही हेच म्हणायचे म्हणे. घराण्यात विचार असा एकच झाला.

दुसरा कायदा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे होतात, त्याआधी हीटिंग लावायचं नाही. बाहेर गारा पडोत. हॅलिफॅक्समधल्या आमच्या चढावर प्रत्येक घरातल्या बापाचा हाच कायदा, आणि कोण आधी वाकतो यावर सगळ्यांची नजर. गेल्या वर्षी समोरच्यांच्या बॉयलरच्या नळीतून आठवडाभर आधी वाफ दिसली, तर बाबा पडदा सारून म्हणाले, "लॉटरी लागली वाटतं त्याला."

आणि आजी खुर्चीत बसून विणते. क्लाइव्ह तिने विणलेलं कार्डिगन घालून फिरतो. लाकडी बटणांचं. सत्ताविसाव्या वर्षी!

माझं मत स्वच्छ आहे. स्वेटर म्हणजे शरणागती. मी अंगाला लोकर लावणार नाही.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

जुने रेडिएटर काढण्याआधी सिस्टिममधलं पाणी काढावं लागतं. काढलं. काम यशस्वी.

बाकी तपशील. पाणी नळीने अंगणात न्यायचं होतं. नळीने ऐन वेळी साथ सोडली. आतलं पाणी शाईसारखं काळं निघालं आणि पॅसेजच्या कार्पेटवर गेलं. कार्पेट फिकट बिस्किटी रंगाचं होतं. असला रंग निवडताना माणसाने पुढचा विचार करायला नको?

आई किंचाळली. आजी खुर्चीतून म्हणाली, "ओरडू नकोस गं, पोरगं शिकलेलं आहे." आजी माझ्या बाजूने आहे असं मी धरतो. डगी, म्हणजे किचन बसवणारा, दारात उभा राहून म्हणाला, "काय प्रोफेसर, काळी बिअर काढली का घरात? एक ग्लास इकडे द्या." तो मला प्रोफेसर म्हणतो. आदर असावा.

पाणी काळं निघालं हा बाबांच्या राजवटीचा पुरावा. त्यांना तसं तोंडावर सांगितलं. ते गुडघ्यांवर बसून कार्पेट पुसत होते. सत्य ऐकताना लोक तुमच्याकडे बघत नाहीत.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सकाळी पाइपच्या दुकानात भांडण. काउंटरवरच्याने विचारलं, पाइप दहा मिलिमीटरचा की पंधराचा? मी म्हटलं, चांगल्यातला. तो हसला. मी सामान तिथेच टाकून बाहेर पडलो. अपमान सहन करणं माझ्या स्वभावात नाही. दुसऱ्या दुकानात गेलो, ते बंद. परत पहिल्या दुकानात. "पंधराचा," ठणकावून सांगितलं.

दहाचा लागत होता. सोमवारी बदलून आणीन, तो माणूस सुट्टीवर असेल तेव्हा.

पण दुपार! टाइल्स आणायला ब्रायनीच्या दुकानात. क्लाइव्हला खोकी उचलायला नेलं होतं. त्याचा तेवढाच उपयोग. मी ब्रायनीला सांगितलं, घराचं सगळं हीटिंग मी एकट्याने बदलतोय. ती म्हणाली, "खरंच? मला तर नळाचं वॉशर बदलता येत नाही." डोळ्यांत कौतुक. मी म्हटलं, सत्तावीस तारखेला रविवारी आमच्याकडे जेवायला ये. रोस्ट बीफ, यॉर्कशायर पुडिंग, आणि घर एकवीस डिग्री. टी-शर्टवर बसशील.

"टी-शर्टवर? ऑक्टोबरात?" ती म्हणाली. "मग येते. पण एकवीसला एक डिग्री जरी कमी निघाली ना, तर परत तोंड दाखवणार नाही हां."

हसत म्हणाली, पण मी ते करार म्हणून घेतलं.

जाताना तिने क्लाइव्हला विचारलं, कार्डिगन कुठून घेतलं. तो म्हणाला, आजीने विणलंय. ती म्हणाली, बाही बघू? आणि बाही बोटांत धरून बघितली. मुली दयाळू असतात. म्हाताऱ्या माणसाच्या हस्तकलेबद्दल कुणीही विचारतं.

बुधवार, ९ ऑक्टोबर

किचनचा नवा रेडिएटर आला. उभा, उंच, कोळशासारखा काळा. देखणा. जुने आडवे रेडिएटर खिडकीखाली म्हशीसारखे बसायचे. मी तो मागच्या दाराशेजारी बसवला. सरळ. म्हणजे जवळजवळ सरळ. भिंतच वाकडी आहे.

संध्याकाळी फ्रिज आला. फ्रिजचं दार रेडिएटरला अडतं.

डगी म्हणाला, "फ्रिज उघडतो की प्रोफेसर. हात जातो, दूध येत नाही एवढंच." मी म्हटलं, फ्रिजच्या दाराच्या बिजागऱ्या उलट बाजूला लाव. लावल्या. आता फ्रिज उघडला की घराचं मागचं दार उघडत नाही. आई म्हणाली, दूध काढायचं असेल तर बाहेर कुणी नाही ना ते आधी बघायचं का? मी म्हटलं, हो, तेवढी शिस्त घराला हवीच.

शिवाय किचनमध्ये आईने मधोमध ओटा बांधून घेतल्याने जेवणाचं टेबल आता समोरच्या खोलीत गेलंय. त्या खोलीत रस्त्याकडची मोठी खिडकी, जुनी, एकेरी काचेची. वारा आत येऊन बसतो. असू दे. माझ्या रेडिएटरपुढे वारा काय करणार!

शनिवार, १२ ऑक्टोबर

आजचा निर्णय ऐतिहासिक.

किचनचं दार सरकवल्यामुळे पॅसेजच्या भिंतीचा जो तुकडा पाडला, त्यावरच बाबांची डबी होती. चार दिवस ती वायरीला लोंबकळत होती, फाशी दिल्यासारखी. बाबा तशाही अवस्थेत जाता-येता तिला सतरावर आणायचे. डगीने विचारलं, "प्रोफेसर, ही कुठे बसवू? पॅसेजमध्ये पुढे, की या अंगाला किचनमध्ये? वायर दोन्हीकडे पुरते."

मी म्हटलं, किचनमध्ये. का, ते त्याला सांगितलं नाही, इथे लिहितो. बाबांचा टॉयलेटचा रस्ता पॅसेजमधून जातो. किचनमध्ये त्यांना कामच नसतं. डबी रस्त्यावरून हलवली की राजवट खलास. याला म्हणतात डावपेच.

आई म्हणाली, "अरे जोएल, तिथे शेजारी ओव्हन येणार आहे. डबीला ओव्हनची धग लागणार नाही का?" मी तिला समजावलं की ही सेन्सरची गोष्ट आहे. आजी म्हणाली, "चुलीपाशी बसलेल्या मांजराला विचारलं, बाहेर थंडी आहे का, तर ते काय सांगणार?" मी म्हटलं, आजी, हा मांजराचा विषय नाही. क्लाइव्ह म्हणाला, "मला वाटतं आई बरोबर..." मी म्हटलं, तू बँकेत बस.

डगीने स्क्रू पिळले. जाताना म्हणाला, "मी आपला सांगितलेलं करतो." हेच कारागिराचं भूषण.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

सिस्टिममध्ये पाणी भरलं. मग हवा काढायची, कारण रेडिएटरच्या वरच्या अंगाला हवा अडकली की तो अर्धाच गरम होतो. छोटी किल्ली घेऊन घरभर फिरलो. सूं, मग थेंब, मग बंद. संगीत आहे यात. क्लाइव्हच्या खोलीतल्या रेडिएटरने माझ्या तोंडावर पिचकारी मारली. त्या खोलीचा गुणच तसा.

वॉल्व्हवर एक ते पाच आकडे असतात. क्लाइव्हला वाटतं पाचवर ठेवलं की खोली लवकर तापते. हसू आवरेना. अरे, पाच म्हणजे वेग नव्हे, पाच म्हणजे कुठवर तापायचं ती मर्यादा. हा माणूस लोकांचे पैसे सांभाळतो.

समोरच्या खोलीतल्या वॉल्व्हखाली थेंब गळतोय. वाटी ठेवली. तात्पुरती.

शनिवार, १९ ऑक्टोबर, संध्याकाळ

बाबा डार्ट्सच्या मॅचला गेले. गुप्त चाचणी!

डबी एकवीसवर नेली. टक् आवाज, आणि बॉयलर जागा झाला. तासाभरात सगळं घर उबदार. वरच्या खोल्या, जिना, समोरची खोली, सगळं. सगळीकडे थर्मामीटर घेऊन फिरलो. समोरच्या खोलीत एकवीस! मी टी-शर्टवर बसून चिप्स खाल्ले. (ओव्हन अजून जोडलेला नाही. तीन आठवडे आम्ही चिप्सच खातोय. ब्रायनीच्या खोलीखालच्या दुकानातले. मी मुद्दाम लांबचं दुकान निवडतो.) आईने मोजे काढले. आजीने शालीतून एक हात बाहेर काढला. मांजराचं काय झालं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मांजर अजून आलं नाही घरात."

काहीतरीच बोलते. वय झालं.

बाबा लवकर परतले. दारात कोट काढण्याआधी त्यांनी उलटा हात रेडिएटरला लावला, जसा तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ऊन पडलं होतं दिवसभर. बाबा म्हणाले, "हॅलिफॅक्समध्ये?" त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी मी जिन्यावरून ओरडलो की सत्तावीस तारखेला कळेल सगळ्यांना, आणि दार आपटलं. दाराची कडी निघाली. कडी आधीपासूनच ढिली होती.

बुधवार, २३ ऑक्टोबर

ब्रायनीचा मेसेज: "रविवारी काय आणू? आणि तुमच्याकडे बूट काढायचे असतात का?"

बूट! म्हणजे ती पायांत मोजे घालून आमच्या घरात चालण्याची कल्पना करते आहे. हे एका परक्या माणसाच्या घराबद्दल कुणी विचारत नाही. दोन तास विचार करून उत्तर पाठवलं: "बूट काढ. एकवीस."

ती म्हणाली, "ओके."

एका शब्दात किती मावतं!

नवा टी-शर्ट आणला. तिलाही सांगितलंय, जाड काही घालून येऊ नकोस.

शनिवार, २६ ऑक्टोबर

ओव्हन जोडला. आईने हात फिरवला त्यावरून, मग माझ्या गालावरून. म्हणाली, "उद्या नीट होऊ दे रे बाबा सगळं." मी म्हटलं, शंका कसली?

बाबा म्हणाले, उद्या सकाळी चर्चची घंटा झाली की घड्याळं मागे, मग हीटिंग. त्याआधी कुणी डबीला हात लावला तर त्याने लीड्सला परत जावं. मी मान्य केलं. एका दिवसासाठी कोण भांडणार? चाचणी झालीच आहे.

बाहेर ढग उतरलेत. टेकडीवर बर्फ पडेल म्हणतात. पडू दे. जितकी थंडी जास्त, तितका माझा विजय मोठा.

रविवार, २७ ऑक्टोबर, सकाळ

आईने बीफ लवकरच ओव्हनमध्ये घातलं. मोठा तुकडा, सावकाश भाजायचा. घरभर वास.

बाबांनी सगळी घड्याळं मागे केली. आजोबांचं भिंतीवरचं घड्याळ शेवटी, टोपी काढून. मग किचनमध्ये आले (पहिल्यांदाच!) आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घे. एकवीस. एकच दिवस." मी डबी एकवीसवर नेली.

टक् वाजलं नाही.

डबीवर बघितलं तर तापमान तेवीस! म्हणजे घर आधीच तेवीस डिग्री. माझे पाइप इतके उत्तम, की हीटिंग न लावताच ऊब टिकून आहे. बाबांना दाखवलं. ते तोंडातून वाफ सोडत म्हणाले, "हो का!"

दुपार, साडेबारा

डबीवर सव्वीस. उत्कृष्ट.

घरातले लोक मात्र नाटक करतायत. आजीने दुसरी शाल घेतली. आईचं नाक लाल. क्लाइव्ह कार्डिगनच्या आत अजून एक स्वेटर घालून उतरला. मी त्यांना डबी दाखवली. सव्वीस! आकडा समोर असताना कुडकुडणं म्हणजे निव्वळ अंधश्रद्धा. यांना सतराची इतकी सवय लागलीय की गरमी ओळखू येत नाही. मी स्वतः टी-शर्टवर आहे. हातांवर काटा आहे, पण तो उत्कंठेचा.

दुपार, एक

ब्रायनी आली!! हिरवा पातळ ड्रेस, हाफ बाही. मी सांगितलं तशीच. बाहेर गारा. बूट काढले. पॅसेजमध्ये दोन पावलं टाकली आणि थांबली. म्हणाली, "मागचं दार उघडं राहिलंय का?"

मी म्हटलं, नाही, सव्वीस आहे.

दीड

घाईत लिहितोय, बाथरूममधून. ती समोरच्या खोलीत बसली आहे. कोट परत मागितला. मी दिला नाही. तिला समजावलं की हे मानसिक आहे. आयुष्यभर थंड खोल्यांत राहिल्यामुळे तिच्या शरीराला खोटं बोलायची सवय लागलीय, यंत्र खोटं बोलत नाही, आता अठ्ठावीस आहे. ती म्हणाली, "जोएल, माझी नखं बघ." निळी होती. मी म्हटलं, नखांचा काही संबंध नाही.

बाबा ताटाशेजारच्या काट्या-सुरीकडे बघत होते. तेव्हा क्लाइव्ह उठला, कार्डिगन काढलं आणि न विचारता तिच्या खांद्यांवर टाकलं. तो लाकडी बटणांचा लोकरी गोणपाट! तिने दोन्ही हात बाह्यांत घातले, गळ्यापर्यंत ओढून घेतलं आणि डोळे मिटून म्हणाली, "आई गं."

सगळे वॉल्व्ह पाचवर केले. सगळे. घरभर. फरक नाही.

पावणेदोन

शोध लागला. माझा मलाच. (आजी खोलीतून ओरडली होती, "अरे, तुझं मांजर आलं घरात, ओव्हनशेजारी बसलंय!" पण ती नेहमीच काहीतरी ओरडते.)

ओव्हन सकाळपासून पेटलेला. डबी त्याच्या शेजारी. डबीला वाटतंय सगळं घर तीस डिग्री आहे, म्हणून ती बॉयलर लावतच नाही. आई जितकं शिजवते तितकं घर गार पडतं. आकडा वाढवायला गेलो, डबी तिसाच्या पुढे जात नाही. ओव्हन बंद कर म्हटलं तर आई पुडिंगचा ट्रे हातात घेऊन म्हणाली, "आता बंद केला तर फुगलेली पुडिंगं खाली बसतील. मग तुझ्या बापाला तूच सांग."

मग मला सुचलं. फ्रीझरमधून मटारची पिशवी काढली आणि डबीवर दाबून धरली.

टक्!

बॉयलर जागा झाला. पाइपांतून पाणी धावलं. तो आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. पिशवी काढली, टक्, बंद. परत दाबली, टक्, चालू. म्हणजे झालं! जिंकलो! फक्त हात हलवायचा नाही.

नंतर. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर वाईट आहे.

उजवा हात डबीवर. मटार दाबून धरलेत. बोटं कळत नाहीत.

ते सगळे समोरच्या खोलीत जेवायला बसलेत. आई दोनदा येऊन म्हणाली, चल रे. मी कसा येणार? मी हललो की थंडी. आईने मटार मागितले, ताटात घालायला. नाही म्हटलं. मटारशिवाय जेवा.

भिंतीपलीकडून ऐकू येतंय. क्लाइव्ह बँकेतली गोष्ट सांगतोय, एक म्हातारा दर शुक्रवारी आपले पैसे अजून तिथेच आहेत का बघायला येतो, ती. मी ती गोष्ट हजारदा ऐकलीय. ती काही विनोदी नाही. ब्रायनी इतकी हसली की ठसका लागला. बाबासुद्धा हसले. बाबा!

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली. "किती छान तापली खोली!"

मीच तापवली. मी. इथून.

दुसरी पिशवी: स्वीट कॉर्न.

संध्याकाळ

ओव्हन बंद झाल्यावर खोलीत गेलो. थर्मामीटर बघितला. एकवीस. अगदी नेमके एकवीस. सगळ्यांना दाखवला. बाबांनी बाह्या दुमडल्या होत्या. आजीने दोन्ही शाली सोडल्या होत्या. ब्रायनीचे गाल गुलाबी, नखंही. "वा जोएल," ती म्हणाली, "शब्दाला जागलास."

कार्डिगन मात्र तिने काढलं नाही.

मी म्हटलं, आता काढ ना, गरम आहे. ती म्हणाली, "असू दे रे, बरं वाटतंय." तसंच घालून निघाली. क्लाइव्ह तिला बसस्टॉपपर्यंत सोडायला गेला, स्वेटरवर. बस दर वीस मिनिटांनी येते. तो तासाभराने आला.

मटार परत फ्रीझरमध्ये टाकले. त्यांचा एक गोळा झालाय, त्यावर डबीचा ठसा.

शनिवार, २ नोव्हेंबर

क्लाइव्ह म्हणाला, कार्डिगन आणायला टाइल्सच्या दुकानात जाऊन येतो. मी म्हटलं, जा. एवढं जुनेर तिने ठेवून तरी काय करायचं? संध्याकाळी आला. कार्डिगन आणलं नाही. विचारलं तर म्हणाला, विसरलो.

विसरायला गेला होता का?

डगी उरलेले स्क्रू न्यायला आला. डबी पॅसेजमध्ये हलवून दिली. म्हणाला, "आता बरं आहे, प्रोफेसर. आता जिथं थंडी वाजते तिथं ती आहे." बाबांनी जाता-जाता तिच्यावर बोट फिरवलं. सतरा.

ठराव: पुढच्या वर्षी पूर्ण नवी सिस्टिम. फोनवरून चालणारी. लीड्सचा अभ्यासक्रमही मागवणार आहे, फक्त त्यांच्या चुका दाखवण्यासाठी.

रविवार, १० नोव्हेंबर

ब्रायनी जेवायला आली. क्लाइव्हने बोलावलं होतं. कार्डिगन घालूनच आली. मला म्हणाली, "आज मटार मिळणार ना?" सगळे हसले. मीही हसलो. मटार खाल्ले. चवीला ठीक होते.

घर सतरा. कुणी तक्रार केली नाही.

जेवणानंतर आजीने हाक मारली. म्हणाली, "जोएल, इकडे ये राजा. समोर बस. हात पुढे कर दोन्ही." मी केले. वाटलं, शेवटी आजीलाच कळतं. माप घेतेय. तत्त्व तत्त्वाच्या जागी, पण म्हातारीचं मन मोडायचं नाही; एखादं विणलं तर घालीन, घरातल्या घरात. अंगावर काटा होताच.

तिने माझ्या दोन्ही हातांवर लोकरीची लड टाकली आणि गुंडाळायला लागली. नवी लोकर, मऊ. हिरवी. त्या ड्रेसच्या रंगाची.

विचारलं, हे कुणासाठी?

आजी म्हणाली, "हात हलवू नकोस."